मातीत ठेवलेली माणसं

पिठावरचा माग

घरात माणूस गेलं की जिथं त्यानं प्राण सोडला ती जागा सारवून घेतात. त्यावर पिठाचा पातळ थर पसरतात, हातानं सारखा करतात, शेजारी पणती लावतात आणि पिठावर टोपलं पालथं घालतात. रात्रभर तिकडं कुणी फिरकायचं नाही. सकाळी घरातली जाणती बाई टोपलं उचलते आणि वाकून बघते. बाकीचे दारातच थांबलेले असतात. बारीक टिंबांची ओळ दिसली तर मुंगीचा जन्म, तीन बोटांची खूण दिसली तर पाखराचा. काहीच नसलं तर ती गप्प राहते आणि पीठ हलक्या हातानं गोळा करते.

जमिनीवर पीठ सांडलं तर मुंगी येणारच. टोपलं उचलणाऱ्या बाईलाही हे ठाऊक असतं, तिनं जन्मभर पिठाचे डबे मुंग्यांपासून राखलेले असतात. तरीही ती बघते. आदल्या दिवशीच्या गर्दीत, रडारडीत, तिरडीच्या घाईत ज्या जागेकडं कुणाचंच नीट लक्ष गेलेलं नसतं, त्या जागेकडं सगळ्या घराला एकदा शांतपणे बघायला लावणारी ही रीत आहे. मला तिचा अर्थ असा लागतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘निरोप’ हा विषय दिला, तेव्हा मोठ्या तीर्थक्षेत्री जाण्यापेक्षा एका साध्या गावी जावं असं ठरवलं. ताडकळस हे पूर्णा तालुक्यातलं, परभणी जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. भोवती काळी जमीन, तिच्यात सोयाबीन, कापूस, तूर, हळद. दक्षिणेला धानोरा काळेच्या अंगाला गोदावरी. इथले लोक तिला गोदावरी फारसे म्हणत नाहीत, त्यांच्या लेखी ती गंगा. राख गंगेला न्यायची, दहावा गंगेवर करायचा. कुणी जरा लांब, वरच्या अंगाला गंगाखेडला जातात. संत जनाबाईंचं ते जन्मगाव, आणि गोदाकाठच्या क्रियाकर्मांसाठी परभणीकरांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पोथीतला विधी कुठंही बघायला मिळतो. मला बघायचं होतं ते पोथीच्या कडेनं चालणारं, हातांनी केलेलं काम. माणसं दुःखात माती, दगड, पान, काडी हातात घेऊन काय करतात, ते.

खडा, काडी, कावळा

स्मशानात चितेभोवती फेरे घेताना खांद्यावर पाण्याचं मडकं असतं. प्रत्येक फेऱ्याला मागचा माणूस दगडानं मडक्याला भोक पाडतो, पाण्याची धार लागते, तिसऱ्या फेऱ्यानंतर मडकं मागं टाकून फोडतात. ज्या दगडानं भोक पाडलं तो दगड मात्र टाकून देत नाहीत. तो जीवखडा. दहाव्यापर्यंत तो जपायचा, त्याच्यावर तीळपाणी सोडायचं, कारण तेवढे दिवस गेलेलं माणूस त्या खड्यात असतं. सगळं आटोपलं की तो नदीत सोडायचा.

हा खडा मुद्दाम शोधून आणलेला नसतो. वाटेत सापडला तो. लिंबाएवढा, काळा, एखाद्या कडेला टवका उडालेला. त्याला ना डोळे ना नाक. पण मोठ्या मुलाच्या मुठीत तो कसा असतो ते बघावं. घाटावर गुरुजी सांगतील तेव्हा तो खाली ठेवतो, सांगतील तेव्हा उचलतो, आणि मधल्या वेळात, कुणी काही सांगत नसताना, अंगठ्यानं तो टवका चाचपत राहतो. बापाशी कधी चार वाक्यं धड न बोललेली माणसं या खड्याशी दहा दिवस संबंध ठेवून असतात.

दहाव्याला पिंड ठेवले की कावळ्याची वाट बघणं आलं. कावळा शिवेना की मंडळी पिंडाशी बोलू लागतात. धाकटीचं लग्न करू, मायला सांभाळू, वाटणीवरनं भांडणार नाही. चारचौघांत, मोठ्यानं, हात जोडून दिलेली ही वचनं असतात आणि गावाच्या लेखी ती बांधून घेतात. शेवटपर्यंत कावळा आलाच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात. चार काड्या दुमडून बांधल्या की झालं पाखरू, त्याच्याकडून पिंडाला स्पर्श. जिवंत कावळ्याची जागा गवताचा कावळा घेऊ शकतो, हे शास्त्रालाही मान्य आहे आणि गावालाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे देहच हाती लागत नाही तेव्हाचा. पुरात वाहून गेलेला, परमुलखात गेलेला आणि परत न आलेला. त्याच्यासाठी पालाशविधी. पळसाची 360 पानं किंवा देठं मांडून माणसाचा आकार करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि या आकाराला रीतसर अग्नी देतात. शरीराच्या कुठल्या भागाला किती पानं याचा हिशोब ठरलेला असतो. 2020 आणि 2021च्या करोनाकाळात कितीतरी घरांना आपलं माणूस शेवटचं बघताही आलं नाही, काहींच्या हाती थेट राखच आली. त्या दिवसांविषयी गावागावांत आजही लोक सांगतात तेव्हा मरणापेक्षा जास्त या गोष्टीवर अडतात की हात लावता आला नाही, पाणी पाजता आलं नाही, आंघोळ घालता आली नाही. पळसाच्या पानांचा माणूस करणाऱ्या पूर्वजांना हे नेमकं कळलेलं होतं. दुःखाला आकार लागतो, हाताला काम लागतं.

नदीच्या वरच्या अंगाला

ताडकळसच्या शिवाराजवळून वाहणारं पाणी वरून पैठणहून येतं, आणि पैठणच्याही वर, प्रवरासंगमाला, प्रवरा गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या काठी नेवासे. नेवाशाला 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथं ताम्रपाषाणयुगातल्या घरांच्या जमिनीखाली मडकी सापडली. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत लहान मुलाची हाडं. एका लेकराच्या गळ्यात तांब्याचे मणी होते, दोऱ्यात ओवलेले. तांब्याच्या गंजानं तो दोरा तीन हजार वर्षं जपला.

हीच रीत पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला फार मोठ्या प्रमाणावर दिसली. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं खोदकाम केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांनी त्याचा सविस्तर अहवाल 1988 साली प्रसिद्ध केला. लेकरं गेली की राखी रंगाच्या दोन मडक्यांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायची. सोबत तोटीचं भांडं आणि वाडगा. मोठ्या माणसांनाही घरातच पुरत, पण त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले आढळले. मेलेल्यानं उठून भटकू नये म्हणून असं करत असावेत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. फक्त एक माणूस वेगळा निघाला. चार पायांच्या, पोट फुगलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पाय शाबूत. ताडकळसच्या आसपास लिंगायत समाजात आजही गेलेल्या माणसाला बसवूनच समाधी देतात, अंगाला भस्म, सोबत बेलाची पानं. दोहोंचा थेट धागा जोडण्याचं धाडस मी करणार नाही. पण बसलेल्या माणसाला निरोप देणं आणि आडव्या माणसाला निरोप देणं यात फरक पडतो, हे दोन्ही ठिकाणच्या लोकांना उमगलेलं दिसतं.

याच इनामगावात एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत एक स्त्रीची मूर्ती, डोकं असलेली. झाकणावर दुसरी स्त्री, बिनडोक्याची, छाती भरलेली, आणि तिच्याशेजारी मातीचा बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी खोचली की देवी बैलावर उभी राहते. यातलं काहीही भाजलेलं नव्हतं, सगळं कच्च्या मातीचं. म्हणजे कायम टिकावं म्हणून कुणी ते घडवलं नव्हतं. एका वेळेपुरतं, एका गरजेपुरतं घडवलं आणि घराच्या पोटात ठेवलं. शिर नसलेल्या मातृदेवतेची परंपरा आपल्याकडं पुढं लज्जागौरीच्या रूपानं चालत राहिली, असं काही अभ्यासक मानतात. मराठवाड्यातच, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तिच्या प्रतिमा बघायला मिळतात, आणि रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहून ठेवला आहे.

ती पेटी कुणी पुरली? सुफळ बाळंतपणासाठी की गेलेल्या लेकरासाठी? उत्खननातून हे उत्तर निघत नाही आणि मी ते रचणारही नाही. एवढं मात्र जमिनीतून निर्विवाद वर आलंय की तीन हजार वर्षांपूर्वीच्या इथल्या घरांत आई ज्या जमिनीवर स्वयंपाक करत होती, झोपत होती, त्याच जमिनीखाली तिचं लेकरू होतं. कुठं ठेवलंय हे तिला ठाऊक होतं.

पोळ्याचा बैल

गावाकडच्या कुंभारवाड्यात चाक बंद पडत चाललंय. पाण्याला फ्रिज आला, चुलीला गॅस आला. तरी दोन गोष्टी हटलेल्या नाहीत, पोळ्याचे मातीचे बैल आणि मर्तिकाचं मडकं. एरवी मडकं घेताना गिऱ्हाईक बोटानं टिचकी मारून आवाज घेतं, चिरलंय का बघतं, भाव करतं. मर्तिकाला आलेला माणूस टिचकी मारत नाही, भाव करत नाही. कुंभारही पुढं केलेलं मोजून घेत नाही. या व्यवहारात बोलणं जवळजवळ नसतंच.

पोळ्याचे बैल घरोघरीही करतात. श्रावणी अमावास्येच्या आधी मुलं ओढ्याची चिकणमाती आणतात, चार पाय, वशिंड, शिंगं. शिंगं सुकताना मोडतात म्हणून त्यात काडी घालतात. मला भेटलेली एक बाई दर पोळ्याला एक बैल जास्त करते. तिचा मुलगा शाळेत जायच्या वयाचा असताना तापानं गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली. घरातल्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला, की संध्याकाळी हा एक बैल ती पदराखाली घेऊन शेताच्या धुऱ्यावर नेऊन ठेवते. भाजलेला नसतोच. पावसाचे दिवस, चार सरी आल्या की शिंगं जातात, मग वशिंड, मग नुसता मातीचा उंचवटा उरतो. तिला कुणी हे शिकवलेलं नाही. इनामगावचं नावही तिनं ऐकलेलं नाही. मी विचारलं, भाजून का ठेवत नाही, टिकेल की. ती म्हणाली, “टिकवायचा कशाला? पुढच्या वर्षी करायला पाहिजे ना.”

हे ऐकल्यावर कच्च्या मातीच्या त्या पेटीकडं मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. दर वर्षी हातानं पुन्हा घडवणं, हीच त्या बाईची लेकाची आठवण काढण्याची पद्धत आहे. वर्षश्राद्ध नवऱ्याच्या हातचं, सासऱ्याच्या हातचं. बैल तिच्या हातचा.

घरात सुरुवातीला याला नावं ठेवली गेली. गेलेल्याच्या मागं लागू नये, घरातल्या लेकरांना बाधतं, असं सासू म्हणायची. आता म्हणत नाही. धुऱ्यावर पाळी घालताना नवरा तो उंचवटा सोडून औत वळवतो, याबद्दल दोघांत कधी बोलणं झालेलं नाही.

देवघरातले, झाडावरचे

गेलेल्यांना घरात ठेवण्याची मान्य, रुळलेली वाट म्हणजे टाक. चांदीचा किंवा पितळेचा पत्रा ठशावर ठोकून त्यावर आकृती उठवलेली असते, घोड्यावरचा वीर, उभं जोडपं, एकटी बाई. देवघरात खंडोबा, भवानीच्या रांगेत हे पूर्वजही बसतात. झिजले की सोनाराकडून देव उजळून आणतात. पहिली बायको गेल्यावर दुसरी करून आणली, तर सवतीचा टाक नवीच्या गळ्यात घालायची रीतही महाराष्ट्रभर होती. गेलेलीचं दुःख कुणाचं, तिची भीती कुणाला, आणि ओझं कुणाच्या गळ्यात, हा प्रश्न मला छळतो. ही रीत मागं पडली ते बरंच झालं.

मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असं मानतात. मराठवाड्यात शेतांमधून, विहिरींच्या कडेला असे पिंपळ आणि त्यांखाली शेंदूर लावलेले दगड जागोजाग आहेत. त्या पिंपळांना कुऱ्हाड लागत नाही. विहिरीवर, नदीच्या डोहावर सात दगड मांडलेले, त्या साती आसरा. पाण्यात माणूस गेलं की त्यांची ओटी भरतात. भीतीचा भाग यात मोठा आहे आणि या भीतीवर देवऋषी पोट भरतात हेही खरं. पण शिवारात सावलीचं झाड शोधायला गेलं तर जी उरलीत त्यांतली बरीच अशा कुणा अकाली गेलेल्या पोराच्या नावानं उरलीत, हेही तितकंच खरं.

राख आणि धुरा

अलीकडं एक नवी रीत महाराष्ट्रात बऱ्याच गावांनी उचलली आहे. राख नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन मातीत मिसळायची आणि तिथं झाड लावायचं. आंबा, चिंच, कडुनिंब, वड. परभणी भागात तिला एक रोकडं कारणही आहे. उन्हाळ्यात गोदावरीला वाहतं पाणी नसतं. बंधाऱ्यांच्या मागं पाणी तुंबतं, इतर ठिकाणी डबकी. राखेची गाडगी, हारांचे दोरे, उशा, कपडे काठालाच अडकून राहतात आणि त्याच्याच खालच्या बाजूला कुणाची तरी पाणीपुरवठ्याची विहीर असते.

झाड लावायचं तर नीट लावावं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. राख अल्कधर्मी असते. आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, चुनखडीची. पूर्ण राख एकाच खड्ड्यात, रोपाच्या मुळाशी ओतली तर रोप पिवळं पडतं आणि जळतं. मग घरच्यांना वाटतं, गेलेला माणूस नाराज आहे. नाराज कुणी नाही, जमिनीतलं लोह मुळांना मिळेनासं झालेलं असतं. राख पसरून, भरपूर मातीत आणि शेणखतात मिसळावी, रोपाच्या बुंध्यापासून लांब. आणि चैत्र-वैशाखात माणूस गेलं असेल तर तेव्हाच झाड लावू नये. विहिरीला पाणी नसतं, रोप वाचत नाही. राखेतली मूठभर गाडग्यात बांधून ठेवावी आणि मृगाचा पाऊस झाल्यावर लावावं. मधले हे दिवस वाया जात नाहीत. दहाव्या-तेराव्याला सगळे पाहुणे एकदम निघून जातात, घर एकदम रिकामं होतं, त्यानंतर काहीतरी करायचं राहिलंय हे मनाला धरून ठेवतं.

अडचणी पुढं येतात. झाड धुऱ्यावर लावलं तर भावकी म्हणते सावलीनं पीक बसतं. वाटणी झाली की आईचं झाड धाकट्याच्या तुकड्यात जातं आणि मोठ्याला तिथं जायची चोरी होते. शेत विकलं तर झाडासकट विकलं. त्यामुळं काही गावं हे झाड आता घराच्या शेतात न लावता स्मशानभूमीत, शाळेच्या आवारात, देवळामागं लावतात. ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. झाडाला पाणी घालायला बायकांना, लेकींना, माहेरी आलेल्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

लेकरू कुठं ठेवलं?

तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. ना दहावा, ना तेरावा, ना पिंड. शास्त्रानं एवढ्या लहान जिवासाठी फार काही सांगितलेलं नाही. गावाकडं बहुतेक वेळा असं होतं की घरातले दोन-तीन पुरुष लेकराला फडक्यात गुंडाळून नेतात, ओढ्याच्या किंवा शेताच्या कडेला पुरतात, वर काटे आणि दगड ठेवतात, आणि परत येतात. आई बाजेवर असते. अंगावर दूध उतरत असतं, छाती दगड झालेली असते. तिला जागा सांगत नाहीत. तिनं तिथं जाऊ नये, पुढच्या खेपेला बाधू नये, ती लवकर विसरावी, असा त्यामागचा हेतू. हेतूत माया असते, पण विसरणं होत नाही. साठी ओलांडलेल्या बायकांशी बोलताना हे पुनःपुन्हा निघतं. किती लेकरं झाली म्हणून विचारलं की त्या जिवंत किती ते सांगतात, मग थोडं थांबून गेलेलीही मोजतात. नावं ठेवली नव्हती तरी मोजतात. आणि कुठं ठेवलं होतं ते आजवर विचारलं नाही, असंही सांगतात.

जपानमध्ये पोटात गेलेल्या आणि बालपणी गेलेल्या लेकरांसाठी जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या छोट्या दगडी मूर्ती असतात. तोक्योच्या झोजो-जी मंदिरात त्यांची रांगच्या रांग आहे. आया त्यांना लाल टोप्या, लाल लाळेरी घालतात, हातात भिरभिरी ठेवतात. वाऱ्यावर फिरणारी भिरभिरी बघत बसलेल्या बाईला तिथं कुणी वेडी म्हणत नाही. आपल्याकडं अशी जागा नाही. होती, पण ती इनामगावच्या आणि नेवाशाच्या जमिनीखाली राहिली.

शेतात नांगरताना, घराचा पाया खणताना कधी तोंडाला तोंड लावलेली मडकी, मातीची बाई, मातीचा बैल निघाला, तर त्याला बाधा समजून नदीत टाकू नका, फोडूही नका. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 चा निखात निधीचा कायदा तसं सांगतोच. पण कायदा नसता तरी, त्या मडक्यात कुणाचं तरी लेकरू आहे.

आणि दुसरी विनंती घरच्या कर्त्या माणसांना. मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करायला 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो, म्हणजे सरकारी दप्तरात त्या जिवाला ओळ आहे. घरातही असू द्या. लेकरू गेलं तर कुठं ठेवायचं हे आईला विचारा. ती उठू शकत नसेल तर नंतर, ती म्हणेल तेव्हा, सोबत जाऊन तिला जागा दाखवा. तिथं ती झाड लावो, दगड ठेवो, मातीचा बैल ठेवो, नाहीतर काहीच न ठेवो. ते तिचं तिला ठरवू द्या.